बावीस कॉलेजं, सत्तर निबंध आणि जुलै महिना

एका ताईंनी विचारलंय. त्यांची मुलगी न्यू जर्सीत वाढलेली, यंदा अमेरिकेतल्या २२ मेडिकल कॉलेजांना अर्ज केलाय. जूनअखेरीपासून सेकंडरी निबंधांच्या, म्हणजे मुख्य अर्जानंतर प्रत्येक कॉलेज स्वतंत्रपणे मागतं त्या निबंधांच्या, ईमेली धडाधड येतायत; सगळे मिळून सत्तर. पोरगी रोज रात्री दोन वाजेपर्यंत लिहिते, तरी तिला स्वतःलाच सगळे निबंध सारखे वाटतात. तिचं म्हणणं, "माझ्या आयुष्यात संकट आलं नाही, वेगळेपण काही नाही, मी लिहू काय?" आणि ताईंचा प्रश्न असा, की आईबाबांनी यात किती हात घालायचा.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी १९९१ साली बारावीच्या गुणांवर सोलापूरला एमबीबीएसला लागले. यादीत नाव आलं, फी भरली, विषय संपला. 'तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय' हे मला पहिल्यांदा विचारलं गेलं ते थेट इथल्या, अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या (पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या) अर्जात, डॉक्टर होऊन बसल्यावर! त्यामुळे या निबंधांकडे बघून आपल्या पिढीच्या आईबापांना जे वाटतं, की मार्क चांगले आहेत ना, मग हे कसलं पाल्हाळ, ते मला आतून कळतं. पुढे मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या प्रवेश समितीत मी अकरा वर्षं अर्ज वाचले. खाली लिहितेय ते त्या वाचण्यातून आलेलं आहे.

सत्तर आकड्याने घाबरू नका. हे सत्तर निबंध मुळात सहासात प्रश्नांचीच पिलावळ असते. आमचंच कॉलेज का, तुम्ही आमच्या वर्गात काय भर घालाल, एखादी अडचण किंवा अपयश सांगा, ज्यांच्याशी पटत नाही अशा माणसांबरोबर काम केल्याचं सांगा, गॅप इयरमध्ये काय करताय, आणखी काही सांगायचंय का. शब्द बदलतात, मर्यादा बदलते; कुठे हजार अक्षरं, कुठे अडीचशे शब्द, कुठे पानभर. बहुतेक कॉलेजं दरवर्षी जवळपास तेच प्रश्न ठेवतात, म्हणून शहाणी मुलं मे महिन्यातच गेल्या वर्षीचे प्रश्न घेऊन बसतात. तुमच्या मुलीची ती वेळ गेली, हरकत नाही.

पैशांचंही सांगून टाकते. सेकंडरी बरीच कॉलेजं सरसकट सगळ्यांना पाठवतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफसारखी थोडी आधी चाळणी लावतात. म्हणजे सेकंडरी आली याचा अर्थ निवड जवळ आली असा नाही. प्रत्येकीची फी साधारण ७५ ते १५० डॉलर. उत्पन्न कमी असलेल्या घरांसाठी एएएमसीची (इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची) फी-सवलत योजना आहे आणि ती मिळाली तर पुष्कळ कॉलेजं सेकंडरीची फीही माफ करतात, पण सवलतीचा तो अर्ज ॲमकॅस, म्हणजे सगळ्या कॉलेजांसाठीचा सामायिक मुख्य अर्ज, भरण्याआधी करावा लागतो. ज्यांची मुलं पुढच्या वर्षी बसणार आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा.

आता निबंध सारखे का वाटतात ते.

समितीतला वाचक सेकंडरी उघडतो तेव्हा मुलीचा मुख्य निबंध त्याच्या समोर असतोच. ५,३०० अक्षरांचा. पंधरा उपक्रम असतात, प्रत्येकी ७०० अक्षरांत, आणि त्यातल्या तिघांना 'सर्वात अर्थपूर्ण' म्हणून आणखी १,३२५ अक्षरं. एवढं सगळं सांगून झाल्यावरही बहुतेक मुलं सेकंडरीत पुन्हा तीच गोष्ट सांगतात: आजोबांचा हृदयविकार, मग हॉस्पिटलातलं व्हॉलंटियरिंग, मग 'तेव्हा मला उमगलं'. मी क्लिनिक आटोपून, वरणभात खाऊन, रात्री एका बैठकीत दहाबारा अर्ज वाचायचे. तिसऱ्यांदा आजोबा भेटले की माणूस नकळत ओळी गाळायला लागतो. आजोबांचा काही दोष नाही त्यात.

म्हणून पहिलं काम: मुलीला एक रात्र निबंध बंद ठेवायला सांगा. कोऱ्या कागदावर गेल्या पाचसहा वर्षांतले पंधरावीस प्रसंग लिहायचे, एकेका ओळीत, आणि अट एकच, की मुख्य अर्जात आलेला प्रसंग इथे नको. 'लॅबमध्ये उंदरांचे पिंजरे चुकीचे लेबल केले आणि सोमवारी जाऊन सांगितलं.' 'लायब्ररीत काम करताना रोज येणाऱ्या बेघर माणसाशी भांडण झालं.' 'धाकट्या भावाला पोहायला शिकवलं, तो अजूनही घाबरतो.' डॉक्टरकीशी संबंध नसला तरी चालेल. खरं तर नसलेलाच बरा. मग प्रत्येक प्रश्नाला यातला कुठला प्रसंग बसतो ते जुळवायचं आणि एका कॉलेजच्या दोन निबंधांत तोच प्रसंग येऊ द्यायचा नाही.

दुसरं, प्रसंग लहान असेल तर तो लहानच ठेवायचा. मुलांना वाटतं प्रत्येक निबंधाच्या शेवटी मानवतेचं दर्शन घडलं पाहिजे. एका मुलीचा मसुदा माझ्याकडे आला होता. ती क्लिनिकमध्ये स्क्राइब होती, म्हणजे डॉक्टर तपासतात तेव्हा नोंदी टाइप करायची. तिने लिहिलं होतं, 'विविध संस्कृतींच्या रुग्णांसोबत काम करताना मला सहानुभूती आणि संवादाचं महत्त्व कळलं.' वाक्य चुकीचं नाही, पण हजार मुलांनी लिहिलेलं आहे. मी विचारलं, कुठला रुग्ण? तेव्हा तिने सांगितलं. एक गुजराती आजी डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या, आणि डॉक्टर समजले की आजींना कळलं. हिला मात्र घरच्या अनुभवाने ठाऊक होतं की ती मान हलवणं म्हणजे समोरच्याचा मान राखणं. खोलीबाहेर आल्यावर तिने डॉक्टरांना तसं सांगितलं. त्यांनी फोनवर दुभाषा घेतला, तेव्हा कळलं की आजी डायबिटीसची गोळी फक्त गोड खाल्लेल्या दिवशी घेतात. एवढंच लिही म्हटलं. शेवटी 'मला कळलं' म्हणून काही जोडू नकोस, कळलं ते दिसतंय. वेगळेपणाचा निबंध त्यातूनच झाला.

आता तुमच्या मुलीची ती तक्रार, वेगळेपण नाही. आपल्या मुलांचा हा गंड मी फार बघितलाय. मेडिकल कॉलेजांत भारतीय वंशाची मुलं भरपूर, मग आपण कसलं वैविध्य आणणार? इथे कायद्याचं थोडं समजून घ्यायला हवं. २९ जून २०२३ ला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत वंश बघून प्रवेश देणं बंद केलं. पण मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालपत्रातच म्हटलंय की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहायला आडकाठी नाही. ते त्याच्या एखाद्या गुणाशी किंवा क्षमतेशी बांधलेलं मात्र हवं. त्यानंतर पुष्कळ कॉलेजांनी प्रश्नाचे शब्द बदलले. 'तुम्ही कोण' याऐवजी 'तुम्ही जे जगलात त्यातून आमच्या वर्गाला काय मिळेल' अशा अंगाने विचारतात. म्हणजे दिवाळीचा फराळ, गणपती, आजीची पैठणी यांचं प्रदर्शन मांडून उत्तर होत नाही. वाचकाला पुरणपोळीची पाककृती नको आहे.

पण गणपती येऊ शकतो, कसा ते सांगते. एक मुलगा इथल्या ढोल-ताशा पथकात होता. त्याच्या पहिल्या मसुद्यात नाद, परंपरा, मुळं वगैरे सगळं होतं. मी विचारलं, पथकात तू नेमकं काय करायचास? म्हणाला, "खरं सांगू का, मी ढोल वाईट वाजवतो. सरावाच्या आवाजाची शेजाऱ्यांनी तक्रार केली होती, तर मी टाउनशिपच्या ऑफिसात जाऊन परवानगी काढली, आणि तक्रार करणाऱ्या दोन आजीआजोबांना भेटून त्यांच्या झोपेच्या वेळा विचारल्या. मग सरावाची वेळ बदलली." हाच निबंध होता की! जो मुलगा तक्रार करणाऱ्याच्या दारात जाऊन झोपेची वेळ विचारतो, तो वॉर्डात चिडलेल्या नातेवाइकांशी कसा वागेल याचा मला अंदाज येतो. पथक हे फक्त घटनास्थळ.

इथेच आपल्या संस्कारांची एक अडचण आडवी येते. आपल्या घरांत 'मी मी करू नये' शिकवलेलं असतं. मुलं इंग्रजीत लिहितात, पण तो संकोच मराठी असतो. 'आम्ही फूड ड्राइव्ह आयोजित केला', 'आमच्या गटाने निधी जमवला'. समिती गटाला प्रवेश देत नाही. त्या गटात हिने फोन केले, पोती उचलली की फक्त फोटोत उभी राहिली? 'मी' लिहिणं म्हणजे बढाई मारणं नव्हे. 'मी ४० दुकानांना फोन केले, ३१ नाही म्हणाले' यात कुठली बढाई आहे?

अडचणीच्या प्रश्नाचं थोडक्यात. संकट नसेल तर उसनं आणू नका. ज्या घरात पैसा, कॉलेज शिकलेले आईवडील आणि स्वतःची गाडी आहे तिथल्या मुलीने ऑरगॅनिक केमिस्ट्रीतला बी-मायनस 'आयुष्यातला सर्वात मोठा संघर्ष' म्हणून लिहिला, तर तो वाचणाऱ्यांत एखादा असा असतो ज्याने फूड स्टॅम्पवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी अन्नमदतीवर, बालपण काढलेलं असतं. अपयश लिहा, चूक लिहा, आणि त्यानंतर काय बदललं ते ठोस लिहा. उंदरांच्या पिंजऱ्याचं लेबल चालेल. उलट ज्या मुलांची अडचण खरी आहे ती कित्येकदा लपवतात. एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या आईबापांच्या आश्रित व्हिसावर, असलेली मुलं बघा. २१ पूर्ण झाले की आईबापांच्या व्हिसावरून बाहेर, ग्रीन कार्डाची रांग तशीच, आणि कित्येक सरकारी कॉलेजं नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांशिवाय अर्ज घेत नाहीत. हे लिहायला लाज कसली? कडवटपणा न आणता सांगितलं तर वाचकाला मुलाच्या अर्जातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

आता उन्हाळ्यात भारतात गेल्याचा निबंध. माझ्या अकरा वर्षांत मी हा इतक्यांदा वाचलाय की डोळे मिटून सांगू शकते: मामाचं किंवा मावशीचं हॉस्पिटल, बाहेर लांब रांग, एक गरीब म्हातारा, त्याचे कृतज्ञ डोळे, आणि परतीच्या विमानात झालेला निर्धार. ज्या म्हाताऱ्याचं नावगाव, आजार, पुढे काय झालं यातलं काही मुलाला माहीत नाही, तो निबंधात नुसता सजावटीला उभा असतो. याहून वाईट म्हणजे, 'मावशीने मला टाके घालू दिले' असं कोणी अभिमानाने लिहितं. आपल्याकडे लाडाकोडात असं होतं, पण इथल्या वाचकाच्या अंगावर काटा येतो. प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्याने परदेशात रुग्णांवर हात चालवू नये, अशा एएएमसीच्या स्पष्ट मार्गदर्शक सूचना आहेत. असं काही घडलं असेल तर ते अभिमानाने मिरवू नका. भारतातलं लिहायचंच तर बघितलेल्या व्यवस्थेबद्दल लिहा. केसपेपर कोण काढतं, औषध बाहेरून आणायला नातेवाईक कधी पळतात, आशाताई घरोघर जाऊन काय विचारतात. मुलगी चार दिवस एखाद्या आशाताईबरोबर फिरली असेल तर ते सोनं आहे.

'आमचंच कॉलेज का' याला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त पाट्या इथेच टाकल्या जातात. 'तुमची नावाजलेली संस्था, अत्याधुनिक संशोधन, वैविध्यपूर्ण रुग्ण.' कॉलेजचं नाव बदलून हा परिच्छेद २२ ठिकाणी चालतो, आणि चालवलाही जातो. दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहून गेलेले निबंध मी दरवर्षी वाचलेत. प्रत्येक कॉलेज कशासाठी उभं आहे ते वेगळं असतं. ड्यूकला मूलभूत विषय पहिल्याच वर्षात उरकतात आणि तिसरं वर्ष संशोधनाला मोकळं ठेवतात. येलला प्रबंध लिहिल्याशिवाय एमडी मिळत नाही. सिअ‍ॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, मोंटाना आणि आयडाहो अशा पाच राज्यांसाठी डॉक्टर घडवतं, त्यामुळे गावखेड्यात राहायची इच्छा नसलेल्या जर्सीच्या मुलीने तिथे अर्ज का केला हा प्रश्न वाचकाला पडणारच. जॉर्जटाउन आणि शिकागोचं लोयोला ही जेझुइट परंपरेतली. तिथे सेवा आणि न्याय हे शब्द शोभेचे नाहीत. कॅम्डेनचं कूपर हे २०१२ साली सुरू झालेलं कॉलेज त्या गरीब शहराची बांधिलकी सांगतच उभं राहिलंय.

निबंध कॉलेजची स्तुती करून होत नाही; त्यांची वेबसाइट त्यांनीच लिहिलीय, त्यांना ती पाठ आहे. मुलीने आधीच केलेलं एखादं काम आणि तिथली एखादी ठरावीक गोष्ट यांची गाठ बसली पाहिजे. 'मी दोन वर्षं नेवार्कच्या शाळेत दम्याच्या मुलांना इन्हेलर वापरायला शिकवलं. पंपाबरोबरचा स्पेसर अर्ध्या मुलांकडे नव्हता. तुमच्या विद्यार्थी क्लिनिकमध्ये मला पहिल्या वर्षापासून हेच काम पुढे न्यायचंय.' हे दुसऱ्या कॉलेजला चिकटवताच येत नाही. आणि गाठ बसतच नसेल, तर दीडशे डॉलर वाचवून ते कॉलेज यादीतून काढा. बावीसची अठरा झाली तर काही बिघडत नाही.

अशा निबंधाचा आपल्या घरातला एक नमुना आहे. १८८३ च्या जूनमध्ये, अमेरिकेत उतरल्यावर थोड्याच दिवसांत, अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. ते आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्यात त्या आधीच सांगून टाकतात की तुमच्या प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी बसेनच असं नाही. मग सांगतात की मित्र आणि जात यांचा विरोध पत्करून जी जिद्द मला इथवर घेऊन आली ती पुढेही कामी येईल. आणि कशासाठी शिकायचं तेही नेमकं: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी. उणीव लपवली नाही, गुण पुराव्यासकट सांगितला, कोणाच्या उपयोगी पडणार ते सांगितलं. १८८६ मध्ये त्या तिथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. मुलीला ते पत्र जरूर वाचायला द्या. फक्त निबंधात आनंदीबाईंना आणू नका! मराठी मुलांच्या अर्जात त्या आजोबांच्या खालोखाल भेटतात.

रुग्णांबद्दल लिहिताना नाव बदललं म्हणजे झालं असं समजू नका. लहान गावाचं नाव, तारीख, दुर्मिळ आजार, नातेवाइकाचा व्यवसाय हे एकत्र आलं की माणूस ओळखू येतो. रुग्णाच्या खासगीपणाचा कायदा इथे १९९६ पासून आहे आणि वाचणारे बहुतेक डॉक्टर असतात, त्यांच्या नजरेला ते पहिलं खुपतं.

वेळेचं गणित: सेकंडरी दोन आठवड्यांत परत करावी असा प्रघात आहे. काही कॉलेजांची मुदत छापील असते, ती पाळायचीच. बाकीच्यांना तीन आठवडे लागले तर आभाळ कोसळत नाही. पण पुष्कळ ठिकाणी अर्ज येतील तसे वाचतात आणि १५ ऑक्टोबरपासून प्रवेश द्यायला सुरुवात होऊ शकते, म्हणून सप्टेंबरवर ढकलू नका. न्यू जर्सीतली कॉलेजं आधी, कारण आपल्या राज्यातल्या मुलांना सरकारी कॉलेजांत झुकतं माप मिळतं. मग छापील मुदतीची. मनातलं सर्वात आवडतं कॉलेज पहिल्या तिनांत नको. हात बसायला चारपाच निबंध जावे लागतात.

'आणखी काही सांगायचंय?' याला खरंच काही नसेल आणि तो प्रश्न ऐच्छिक असेल, तर कोरं सोडा. कोऱ्या जागेला कोणी गुण कापत नाही. एखाद्या सत्रात गुण का घसरले, वर्ष का वाया गेलं, हे मात्र तिथे तीन सरळ वाक्यांत सांगावं.

आता तुमचा प्रश्न, आईबाबांनी किती हात घालायचा. माझीच चूक सांगते. भाच्याचा निबंध मी हौसेने 'थोडा नीट' केला. इतका नीट, की तो बावीस वर्षांच्या मुलाचा वाटेना, पन्नाशीच्या डॉक्टरीणबाईंचा वाटायला लागला. इंटरव्ह्यूत त्याला विचारलं गेलं, तुम्ही 'हताश करणारी शांतता' म्हणालात ती नेमकी कुठली? ती माझ्या वॉर्डातली होती, त्याच्या नव्हे. तो गप्प बसला. त्या कॉलेजने घेतलं नाही, आणि त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही, याचंच जास्त वाटतं. चॅटजीपीटीसारख्या साधनांचंही तेच. ॲमकॅसच्या अर्जात हे लेखन माझं स्वतःचं आहे असं प्रमाणित करावं लागतं. व्याकरण तपासणं, कल्पना सुचवून घेणं याला हरकत नाही, पण वाक्यं तिची हवीत. निबंधात लिहिलेल्या कुठल्याही शब्दावर इंटरव्ह्यूत प्रश्न येऊ शकतो.

तुम्ही तक्ता सांभाळा: कॉलेज, आलेली तारीख, मुदत, फी भरली का, पाठवलं का. मसुदा वाचायला दिला तर पेन बाजूला ठेवून वाचा आणि एकच विचारा, "हे घडलं तेव्हा तू काय केलंस?" ती जे तोंडाने सांगेल ते बहुतेक वेळा कागदावरच्यापेक्षा चांगलं असतं, तेच लिही म्हणा. आणि रात्री दोनला दिवा बंद करा. दोन वाजता लिहिलेल्या निबंधांतच दुसऱ्या कॉलेजचं नाव राहून जातं.